पालवणकरांचा बाळू

सावित्री नदी हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईहून आगबोटीने महाडला जायचे तर याच मुखातून बाणकोटच्या खाडीत शिरायचे आणि दासगावच्या बंदरात उतरायचे. खाडीच्या एका तीराला तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. दुसऱ्या तीराला रत्नागिरी. दोन्हीकडच्या अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांमधून एकोणिसाव्या शतकात फौजेत गेलेली माणसे पुष्कळ. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून पेन्शन घेऊन परतले आणि ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारू लागले. आंबडव्याचे रामजी सकपाळ सुभेदार झाले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. गावात जमीन नाही, पाणवठ्यावर हक्क नाही, पण छावणीत पगार होता, शाळा होती आणि म्हातारपणी पेन्शन होती.

पालवणकर हे याच वाटेने कोकणातून बाहेर पडलेले एक चर्मकार कुटुंब. आडनाव आले रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावावरून, पण मुलगा जन्मला धारवाडला, १८७६ साली. वडील फौजेत शिपाई. बदलीबरोबर बिऱ्हाड पुण्याला आले आणि बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर क्रिकेट शिकले. विठ्ठल आणि गणपत हे भाऊ त्यांच्या पाठचे. पुढे चौघेही मोठ्या क्रिकेटमध्ये चमकले.

बाळूच्या वयाची पोरे कामाला लागायची वेळ आली, तेव्हा फौजेचे दार मिटत होते. ‘लढाऊ जमाती’ आणि ‘बिगरलढाऊ जमाती’ अशी नवी वर्गवारी सरकारने काढली आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कोकणातल्या अस्पृश्यांची भरती थांबली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो याच काळात. बाळूला छावणीतच दुसरे दार सापडले. ते मैदानाचे होते, आणि आत जायचे ते खेळाडू म्हणून नव्हे.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोळ फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ साली गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेला. तिथे रोळ होताच, शिवाय जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, कधी टेनिसच्या कोर्टाच्या रेषा मारणे. सरावाला कोणी गोलंदाज नसला की साहेब लोक या पोराला चेंडू टाकायला सांगत. डावखुरा, संथ, पण एका टप्प्यावर तासन्‌तास टाकणारा आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवणारा. क्लबाच्या हे फार लवकर लक्षात आले.

सगळ्यात आधी लक्षात आले ते कॅप्टन ग्रेग यांच्या. जॉन ग्लेनी ग्रेग हा हॅम्पशायरचा फलंदाज. नावाचा अपभ्रंश होऊन त्याला ‘जंगली’ म्हणत. योगायोग असा की ग्रेगही महूचाच जन्मलेला, भीमरावाच्या वीस वर्षे आधी. हा साहेब इतरांच्या आधी तासभर मैदानात येई आणि एकट्या बाळूला चेंडू टाकायला लावी. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे, असा त्याचा सौदा होता असे सांगतात. हिशेब सोपा आहे: महिन्यात आठ वेळा साहेब बाद झाला तर पगार दुप्पट. बाळूच्या गोलंदाजीतला चिवटपणा कुठून आला याचा शोध घेताना चरित्रकार टप्पा आणि फिरकीवर पाने खर्च करतात. या आठ आण्यांनाही त्यात वाटा द्यायला हरकत नाही.

मात्र हजारो चेंडू टाकूनही पूना क्लबाच्या जाळीत बाळूच्या हातात बॅट एकदाही पडली नाही. फलंदाजी हे सभ्य गृहस्थांचे काम आणि गोलंदाजी हे राबणाऱ्यांचे, ही विभागणी इंग्रजांनी जहाजातून येताना सोबतच आणली होती. ती आपल्या जातीच्या उतरंडीला अशी चपखल बसली की कुणाला ती परकी वाटलीच नाही.

राबणाऱ्याच्या खेळाला मोल देण्याची रीत दुसरीकडे मात्र रुजली होती. काही वर्षांनी स्कॉटलंडमधला क्रॉय गावचा जिमी क्विन हा खाणकामगार सेल्टिक क्लबात फुटबॉल खेळायला आला. १९०४ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात त्याने रेंजर्सविरुद्ध तीन गोल केले आणि सेल्टिकने सामना ३-२ असा जिंकला. तिथे धंदेवाईक खेळाडूला १८९३ सालीच मान्यता मिळाली होती, त्यामुळे क्विनला खेळाचे पैसे मिळत आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडत नसे. शेजारच्या इंग्लंडमध्ये तर खेळाडूंना फार पैसे मिळतात म्हणून १९०१ साली आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घालावी लागली. तेव्हाच्या दराने ते ६० रुपये होतात. पुण्यातला आकडाही ४ च, पण तो रुपयांचा, महिन्याचा आणि रोळ ओढण्याचा. गोलंदाजी त्यात फुकट.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोळ ओढत होता. त्याला घ्यावे की नाही यावर संघात फूट पडली. तेलुगू मंडळी घ्या म्हणत होती, मराठी ब्राह्मण नको म्हणत होते. शेवटी ग्रेगनेच वृत्तपत्रातून कान टोचले की बाळूला बाहेर ठेवण्याइतका मूर्खपणा हिंदूंनी करू नये. साहेबाने सांगितल्यावर सुधारणेला वेग आला, हेही त्या काळाला धरूनच.

बाळू संघात आला. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत होते. तो चेंडू चामड्याचा असतो आणि चर्मकाराच्या हातून येतो, याची चर्चा कुणी केली नाही. चर्चा चहाच्या वेळी झाली. इतरांना तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा आणि बाळूला बाहेर, मातीच्या बोळक्यात, पिऊन झाले की फेकून द्यायच्या. तोंड धुवायचे तर अस्पृश्य गड्याने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून द्यायचे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या ठिकाणी. मग दुपारनंतर पुन्हा मैदानात येऊन त्याच माणसाने आठ-दहा षटके एका टोकाने लावून धरायची.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने या गोलंदाजाची धास्ती घेऊन खेळपट्टी आठवडाभर रोळ फिरवून दगडासारखी केली, म्हणजे चेंडू वळू नये. बाळूने ७ बळी घेतले. परतल्यावर पुण्यात सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्याला जाहीरपणे हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असा रानड्यांचा सवाल होता. संघातल्या पंगती एकदम बदलल्या नाहीत, पण हार घालणारा माणूस रानडे असल्यामुळे बोळके आता लपवावेसे वाटू लागले.

प्लेगच्या धामधुमीत बाळू मुंबईला आला. इथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, फक्त या वेळी हरकत काही गुजराती सभासदांची. कर्णधार कीर्तिकरांनी ती मोडून काढली. मुंबई पुण्यापेक्षा जास्त उदार होती असे नाही. पण गिरणी, गोदी आणि रेल्वेच्या या गावाला सोवळे पाळायला वेळ कमी होता. बाळूला बीबीसीआय रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातही तो खेळू लागला. काही वर्षांत जिमखान्याच्या उपाहारगृहात तो इतर खेळाडूंबरोबर बसून जेवू लागला. ही लहान गोष्ट नव्हती. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने तिची दखल क्रिकेटच्या रकान्यात न घेता समाजसुधारणेच्या अंगाने घेतली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन समोरासमोर आले. ज्या जिमखान्यात हिंदी माणूस फक्त नोकर म्हणून जाऊ शकत होता, त्याच्याच हिरवळीवर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. गोलंदाजीचा भार एराशा आणि बाळू यांनी वाहिला. शिवरामही संघात होता. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण तापलेले, त्यात हा विजय. चर्मकार भावांना संघात घेतल्यामुळे तो मिळाला, हे सुधारकांनी आवर्जून लिहिले. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले, त्याहून मोठ्या फरकाने.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला निघाला. संघ धर्मवार वाटणीने निवडलेला, कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. महाराजांना पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या मेजवान्या होत्या; ते थोडे सामने खेळले आणि बाकीचा दौरा इतरांच्या खांद्यावर पडला. त्यातला मोठा भाग ३५ वर्षांच्या बाळूच्या. २३ सामन्यांपैकी संघाने १५ गमावले, ६ जिंकले, २ अनिर्णित राहिले. अशा हरणाऱ्या संघातून बाळूने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. लेस्टरशायरला हरवले त्या सामन्यात त्याचा मारा आणि डॉ. कांगांच्या १६३ धावा. सॉमरसेटविरुद्ध टॉंटनला एक गडी राखून विजय मिळाला तो शिवरामच्या नाबाद शतकामुळे. एका भावाने सामने उभे केले आणि दुसऱ्याने एक जिंकून दिला, असे त्या उन्हाळ्याचे वर्णन करता येईल.

दौरा स्कॉटलंडलाही गेला. गालाशील्स या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात मॉसिली मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध सामना झाला. त्या मैदानावर झालेला हा एकमेव प्रथम श्रेणीचा सामना. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या मुंबईतून आलेल्या रेल्वे नोकरदाराला ते गाव फार अनोळखी वाटले नसावे.

इंग्रजी पत्रांनी बाळूची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. हिंदुस्थानचा ऱ्होड्स हे नाव मग कायमचे चिकटले. ऱ्होड्सला काउंटीने पगार दिला, लाभार्थ सामना दिला. बाळूने मुंबईची बोट धरली.

मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचे जंगी स्वागत केले. या सत्काराच्या मानपत्राशी एका विद्यार्थ्याचे नाव जोडले गेले आहे: एल्फिन्स्टन कॉलेजातला भीमराव आंबेडकर. आपल्यातला एक माणूस लॉर्ड्सवर खेळून आला, याचा अभिमान वाटावा असे त्याचे वय होते. या मुलाला पुढे लंडनलाच शिकायला जायचे होते.

हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला कधी मिळाले नाही. त्याच्याइतका ज्येष्ठ आणि त्याच्याइतका यशस्वी दुसरा कोणी नव्हता. सामना जिंकायला तो लागत होता, नाणेफेकीला नको होता. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांचा त्यांच्या ज्ञातीने सत्कार केला, तेव्हा पै यांनी तिथेच सांगितले की हा मान माझा मित्र बाळू याचा होता. पै यांचे हे बोलणे मोठे, पण कर्णधारपद त्यांच्याकडेच राहिले.

ठिणगी पडली १९२० साली. डिसेंबरच्या हिंदू, पारशी, मुस्लीम आणि युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. बाळूला संघातून वगळलेले आणि कर्णधार नेमले ते पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर, विठ्ठल आणि शिवराम या ज्येष्ठांना डावलून. दोघा भावांनी अंग काढून घेतले आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये जाहीर पत्र देऊन कारण सांगितले. जातीने खालचे म्हणून कनिष्ठांच्या हाताखाली आम्ही खेळणार नाही, हा त्याचा मथितार्थ. बोळक्यातला चहा गिळलेल्या घराने पहिल्यांदा तो ओतून दिला. मुंबईत खळबळ उडाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले, आणि बाळूला उपकर्णधार केले. सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा थोडा वेळ का होईना, ४४ वर्षांच्या बाळूने हिंदू संघाचे नेतृत्व केले. एवढेच त्याच्या वाट्याला आले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, आणि काही षटकांचे कर्णधारपद.

पूर्ण मान विठ्ठलला मिळाला, डिसेंबर १९२३ मध्ये. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि लोकांनी चर्मकार कर्णधाराला खांद्यावर घेतले. पंचवीस वर्षांनी विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला दुजोरा देऊन चवदार तळे खुले केले. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. सवर्णांनी लोकांना झोडपले आणि मग शेण, गोमूत्र, दही, दुधाच्या १०८ घागरींनी तळे ‘शुद्ध’ केले. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये आंबेडकर पुन्हा निघाले, ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरावरून दासगावला. त्यांच्या हातात तोवर न्यायालयाचा मनाई हुकूम पडला होता. तळे राहिले, मनुस्मृती जळली. गोऱ्यांना हरवल्याच्या आनंदात मुंबईच्या मैदानावर जे चार वर्षांपूर्वी सहज घडल्यासारखे दिसले होते, ते मुंबईपासून एका रात्रीच्या बोटीच्या अंतरावर घडायला तयार नव्हते.

बाळू पालवणकर यांना या सगळ्यातून मार्ग दिसला तो वेगळा. एकेक ताट, एकेक कप करत हिंदू संघाने आपल्याला आत घेतले, तसा हिंदू समाजही घेईल, असे त्यांना वाटत असावे. ज्याला मैदानातून हार आणि खांदे मिळाले, त्याचा असा विश्वास बसणे समजण्यासारखे आहे. आंबेडकरांना मानपत्राच्या वयापासून पुढे जे मिळाले ते नोकरीतले वेगळे माठ आणि महाडच्या लाठ्या. १९३२ साली आंबेडकर अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागत होते, तेव्हा बाळू दलित पुढारी एम. सी. राजा यांच्या बाजूला, संयुक्त मतदारसंघाच्या पक्षात उभे राहिले. पूना क्लबाच्या मैदानापासून थोड्याच अंतरावरच्या येरवडा तुरुंगात गांधींचे उपोषण चालू असताना २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत आंबेडकर होते आणि बाळूही होते. १९३५ साली आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला आत्मघात म्हटले.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईच्या भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. महार नेत्यासमोर चर्मकार उमेदवार, बॅरिस्टरसमोर गोलंदाज. या खेळीमागचे डोके बाळूंचे नव्हते, पण नाव त्यांचे होते. १७ फेब्रुवारीला मतदान झाले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या माणसाच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगत आंबेडकर मोठे झाले, त्याला हरवूनच ते मुंबईच्या नव्या विधानसभेत गेले. बाळूंनी मग राजकारणात फार हातपाय मारले नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानात क्रिकेटवाले आणि दलित पुढारी दोन्ही जमले होते.

मतदानाला बरोबर एक महिना झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी महाडच्या तळ्याचा दावा निकालात काढला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची पुरातन रूढी सिद्ध झाली नाही, असे त्यांनी ठरवले आणि सवर्णांचे अपील फेटाळले. चवदार तळ्याचे पाणी कायद्याने सगळ्यांचे झाले. पुण्याच्या मैदानाबाहेर बाळूने बोळक्यातून चहा प्यायला त्याला तोवर चाळीस वर्षे होऊन गेली होती.